दोन चौक्यांच्या मधला रस्ता

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला शिफ्टला जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, पुणे-बेंगलोर हायवेवर पोलीस कुठं थांबतात ते तो झोपेतसुद्धा सांगेल. तावडे हॉटेलजवळ, उजळाईवाडीच्या पुलापाशी, कागलकडं जाताना लक्ष्मी टेकडीच्या आसपास, इकडं किणी टोलनाक्यावर. हेल्मेट कुठं डोक्यावर चढवायचं आणि कुठं परत आरशाला अडकवायचं याचा हिशोब आमच्याकडच्या बाइकवाल्यांचा एकदम पक्का. पण त्याच पोराला विचारा की बाबा रे, सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बारा-साडेबाराला तू वाठारला हायवे सोडतोस आणि पारगाव-कोडोलीच्या रस्त्याला लागतोस, तिथं तुला कोण भेटतं? कुत्री भेटतात. ऊसाचा हंगाम असला तर मागं लाईट नसलेल्या ट्रॉल्या भेटतात. पोलीस भेटत नाही.

मी त्याच पोरांपैकी, फक्त आता पोरगा राहिलो नाही. फौंड्रीत कामाला, घर वाठारच्या आत, त्यामुळं कोल्हापूरच्या पोटातून जाणारा हायवेचा तुकडा आणि त्याला फुटलेला गावाकडचा रस्ता, दोन्ही रोजच्या पायाखालचे. आणि बरीच वर्षं बघून बघून एक गोष्ट डोक्यात बसलीय ती आज लिहूनच टाकतो, की आपल्याकडं पोलिसांची गाडी जिथं वाहनं जास्त तिथं असते, आणि माणूस मात्र मरतो जिथं गाडी पोचायला वेळ लागतो तिथं. या दोन जागा एकच नाहीत.

आधी थोडं कोण कुणाचं ते सांगतो कारण आपल्याकडं खाकी दिसली की सगळे 'ट्रॅफिकवाले मामा'. तसं नसतंय. महामार्ग पोलीस ही वेगळी शाखा, आपल्या जिल्ह्याच्या एसपी साहेबांच्या हाताखालची नाही. त्यांचं मुख्यालय मुंबईला, वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांकडं, आणि खाली विभागवार अधीक्षक, त्यात आपण पुणे विभागात. हायवेच्या कडेनं यांची मदत केंद्रं असतात, आपलं उजळाईवाडीला, पुण्याच्या दिशेनं जाताना कराडला, पुढं भुईंजला. माणसं जिल्ह्यातल्या पोलीस दलातूनच काही वर्षांसाठी इकडं येतात आणि परत जातात. काम म्हणजे आपल्या हद्दीत गाडी फिरवायची, अपघात झाला की पोचायचं, जखमीला हलवायचं, रस्ता मोकळा करायचा, स्पीडवाल्यांना आणि दारू पिऊन चालवणाऱ्यांना धरायचं, मंत्री-बिंत्री जाणार असले की बंदोबस्त. पण गुन्हा नोंदवणं, पंचनामा, पुढचा तपास हे सगळं ज्या गावच्या हद्दीत घडलं त्या पोलीस ठाण्याचं.

म्हणजे वाठारपाशी एक किलोमीटर रस्ता घेतला तर डांबर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं, टोलच्या पट्ट्यातली क्रेन आणि पेट्रोलिंगची गाडी ठेकेदाराची, गस्त महामार्ग पोलिसांची, गुन्हा पेठ वडगाव पोलीस ठाण्याचा, ओव्हरलोड गाडी दिसली तर आरटीओचं वायुवेग पथक, आणि अँब्युलन्स बोलवायची तर १०८. फोन लावायचा तर ११२ आहे, १०८ आहे, प्राधिकरणाचा १०३३ आहे. एवढे सगळे असताना अपघात झाल्यावर पहिल्यांदा पोचतं कोण? शेजारचा ढाबेवाला.

एका डिसेंबरातली गोष्ट सांगतो. अंबप फाट्याच्या पुढं, थंडी कडाक्याची, उसाच्या रानातून येणारं धुकं रस्त्यावर उतरलेलं, आणि एका टेम्पोनं ऊसाच्या ट्रॉलीला मागनं ठोकलेलं. मी पोचलो तेव्हा पाच-सहा जण टेम्पोच्या केबिनला चिकटलेले, मोबाइलचे टॉर्च लावून, आणि ड्रायव्हरचा पाय आत अडकलेला. नशिबानं महामार्ग पोलिसांची गाडी किणीकडून येतच होती. आत दोघंच, एक चालक आणि एक पन्नाशीचे हवालदार. मला वाटलं हवालदार पळत केबिनकडं जातील. ते गेलेच नाहीत. त्यांनी आधी मागचं दार उघडून प्लास्टिकचे कोन काढले, काखेत चार-पाच मारले आणि उलट्या दिशेनं, म्हणजे येणाऱ्या गाड्यांच्या तोंडाकडं चालत सुटले. जाताजाता मला म्हणाले,

"ओ दादा, गाडी पार खाली मातीत घ्या. आन् ही बॅटरी धरा. मागं जावा. इथं न्हवं ओ, लांब, त्या बोर्डाच्या पल्याड. खालीवर हलवत ऱ्हावा."

मी म्हटलं, "मी?"

"मग कोन? आमी दोघंच हाय."

तर मी अर्धा तास तिथं बॅटरी हलवत उभा. लांबून गाडीचे दोन दिवे यायचे, ब्रेक लागेपर्यंत जीव खालीवर व्हायचा, आणि प्रत्येक ट्रक हवेचा फटका मारून बाजूनं जायचा तेव्हा कळायचं की हे लोक रोज कशात उभं असतात. नंतर सगळं पार पडल्यावर हवालदारांनी त्या कोनांचं कारण सांगितलं. पहिल्या धडकेत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतंय, म्हणाले, दुसरी धडक बघायला जमलेल्या लोकांना बसते, आणि ती टाळता येते. केबिनचं पत्र्याचं काम तोवर पोलीस गाडीच्या चालकानं आणि गावच्या पोरांनी पहार घालून केलं होतं. १०८ आली, ड्रायव्हरला कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात नेलं. पाय वाचला असं नंतर ढाब्यावर कळलं.

पण मला खरं लक्षात राहिलंय ते पुढचं. अँब्युलन्स गेल्यावर हवालदारांनी ट्रॉलीवाल्याला बाजूला घेतलं, आता हा झापणार म्हणून आम्ही कान देऊन, तर त्यांनी गाडीतनं लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर पट्टीचा रोल काढला. कात्री नव्हती. दातानं तोडून तोडून त्यांनी ट्रॉलीच्या फाळक्यावर पट्ट्या चिकटवल्या, फाळक्यावर मळीचा आणि चिखलाचा थर, पट्टी धरेना, तर ट्रॉलीवाल्याच्याच मफलरनं फाळका पुसून घेतला. ट्रॉलीवाला बिचारा मुकाट बघतोय. "लायटीची वायर उंदरानं खाल्ली" असं कायतरी तो पुटपुटला तर हवालदार म्हणाले, "उंदराला बी पट्टी लाव मग." इतक्या वेळात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, उजळाईवाडीकडं कंटेनर बंद पडलाय, लाईन लागलीय, या. ते निघाले. मागं ठाण्याच्या पोलिसांची वाट बघायची जबाबदारी ट्रॉलीवाल्यावर आणि ढाबेवाल्यावर सोडून, कारण दुसरा इलाजच नव्हता.

तो कंटेनर महत्त्वाचा नव्हता का? होता की. शिरोलीच्या पंचगंगा पुलापासून गोकुळ शिरगावपर्यंतचा तुकडा हा नावाला हायवे, वागायला शहर. एका बाजूला शिरोली एमआयडीसी, मधे तावडे हॉटेलपाशी कोल्हापुरात शिरणारी सगळी गर्दी, पुढं गांधीनगरला कापड घ्यायला आलेल्या गाड्या, सरनोबतवाडी, उजळाईवाडीला विमानतळाचा फाटा, मग गोकुळ शिरगाव, आणि पुढं कागलची पंचतारांकित एमआयडीसी. इथं एक गाडी बंद पडली की वीस मिनिटात शिफ्टच्या बसपासून दुधाच्या टँकरपर्यंत सगळं अडकतं. त्यात आता कागल-सातारा सहापदरीकरणाचं काम, डायव्हर्जन कुठं सुरू होतंय आणि कुठं संपतंय ते काल बघितलेलं आज खरं असेल याची गॅरंटी नाही. तेव्हा पोलीस तिथं लागणारच. पण त्या तुकड्यावर पोलीस एकटे नसतात हे पण बघा. शहर वाहतूक शाखा जवळ, शिरोली एमआयडीसीचं पोलीस ठाणं जवळ, गोकुळ शिरगावचं जवळ, दवाखाने दहा-पंधरा मिनिटांवर. एकानं उशीर केला तर दुसरा येतो. शहरात पेट्रोलिंगचं काम म्हणजे वाहतूक वाहती ठेवणं.

वाठारच्या पुढं घुणकी, किणी, वारणा ओलांडली की सांगली जिल्हा. इथं वाहन कमी नाहीत पण वेग वाढलेला, वस्ती तुटक, आणि दोन दिव्यांच्या मधे काळोख. इथं पेट्रोलिंग म्हणजे पोचणं. नुसतं पोचणं. तीच गाडी, तीच दोन माणसं, आणि दोन्हीकडं वेगळं काम, आणि दोन्ही कामं एकाच वेळी येतात. पाटाच्या पाण्यासारखं होतं बघा, मुखाकडच्या रानाला रोटेशन चुकत नाही आणि शेंड्याकडचा शेतकरी रात्रभर बांधावर बसून वाट बघतोय.

आणि हे सुद्धा हायवेपुरतं झालं. आता जरा जिल्हा डोळ्यापुढं आणा. कोल्हापूर जिल्ह्यात तालुके बारा. पुणे-बेंगलोर हायवे त्यातल्या तीनातून जातो, हातकणंगले, करवीर, कागल. बाकीचे नऊ काय करतात? रत्नागिरीचा रस्ता पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यातून आंबा घाटाकडं जातो, केर्ले, वाघबीळ, बोरपाडळे, बांबवडे, मलकापूर. तो पण राष्ट्रीय महामार्गच, नंबर १६६, पण अजून बऱ्याच ठिकाणी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून ओव्हरटेक करायचा रस्ता. गगनबावड्याचा रस्ता पन्नासएक किलोमीटर, पुढं करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट. राधानगरीवरून फोंडा घाट. गारगोटी, आजरा, आणि आजऱ्यावरून आंबोली. सगळे रस्ते कोकणात उतरणारे, पावसाळ्यात धुक्यात बुडालेले, आणि राधानगरी-दाजीपूरकडं तर रात्री रस्त्याच्या मधोमध गवा उभा. गव्याला डिपर मारून उपयोग नसतो. गाडीचा लाईट अंगावर पडला तरी ते धूड हलत नाही, काळं अंग काळ्या डांबरात मिसळून गेलेलं, दिसतात ते फक्त गुडघ्याखालचे पांढरे पाय.

या रस्त्यांवर गस्त म्हणजे त्या त्या पोलीस ठाण्याची एक जीप. तिलाच गावातली भांडणं, तिलाच कोर्टाचं समन्स, तिलाच जत्रेचा बंदोबस्त, आणि तिलाच घाटात गाडी गेली की पळायचं. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा कोकणातली जड वाहनं फोंड्याला आणि बाकीच्या घाटांना लोटली गेली, त्या त्या रस्त्यावरच्या ठाण्यांची जीप काही त्याबरोबर वाढली नाही. वाहतूक वळवायचा आदेश कागदावर निघतो, माणसं वळवायचा निघत नाही.

बरं, गडहिंग्लज-चंदगडचं प्रकरण तर आणखी वेगळं. कोल्हापूरहून गडहिंग्लजला जायचं तर बहुतेक जण कागलवरून निपाणीकडं जातात. दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, तिथला टोलनाका कर्नाटकात. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना मधे दुसऱ्या राज्यात जाऊन परत यायचं. महाराष्ट्राची पेट्रोलिंगची गाडी नदीपाशी वळून माघारी. पलीकडं दोनशे मीटरवर अपघात झाला तर तो कन्नडमधे लिहिला जाणार. माणसांना सीमा नसते वगैरे कवितेत ठीक आहे, पण जखमीला निपाणीला न्यायचं की कागलला हे तिथं उभं राहून ठरवावं लागतं आणि ते ठरवणारा सहसा पोलीस नसतो, एखादा ट्रक क्लीनर असतो.

हद्दीवरून आठवलं. एकदा आमच्याच भागात, फाट्यापाशी, अपघात नेमका दोन ठाण्यांच्या सीमेवर झालेला, ठाण्यांची नावं घेत नाही. एकाचं म्हणणं गाडी पलीकडं पडलीय, दुसऱ्याचं म्हणणं ठोकली अलीकडं. जखमी तोवर दवाखान्यात पोचला होता म्हणून बरं, पण गाडी रात्रभर तशीच अर्धी रस्त्यावर, आणि आम्ही गावातल्या दोघा-तिघांनी कडेनं बाभळीच्या फांद्या आणि दगड लावून ठेवलेले. फांदी म्हणजे गावाकडचा कोन. आजही कुठं रस्त्यात हिरवी फांदी पडलेली दिसली की मी आधी स्लो होतो, मग बघतो.

आकडेवारीचं पण असंच आहे. राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट' ठरवायचा नियम असा की साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात किंवा एकूण दहा मृत्यू. नियमात चूक नाही, कुठंतरी रेघ मारावीच लागते. पण गावाकडच्या रस्त्यावर माणसं अशी एका जागी जमून मरत नाहीत. एक वळणावर गेला, एक दोन किलोमीटर पुढं पुलावर गेला, एक ट्रॉलीखाली गेला तो तिसरीकडं. सगळे मिळून मोठे होतात पण पाचशे मीटरात मावत नाहीत. मग त्या रस्त्याला ना बोर्ड लागतो, ना रंबलर बसतो, ना रात्रीची फेरी लागते. आमचा वाठार-बोरपाडळे रस्ता बघा, एका टोकाला पुणे-बेंगलोर हायवे, दुसऱ्या टोकाला रत्नागिरी हायवे, मधे पारगाव, वारणानगर, कोडोली. दोन राष्ट्रीय महामार्गांना जोडणारा रस्ता, हंगामात रात्रभर ऊस वाहतोय, आणि पेट्रोलिंगच्या दृष्टीनं तो दोन्हीपैकी कुणाचाच नाही.

हंगाम म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. दिवाळीच्या पुढंमागं कारखान्यांची धुराडी पेटतात ती मार्चपर्यंत. ट्रॅक्टरला एकामागं एक दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतोय, त्यामुळं ट्रॉलीला टेल लाईट असली तरी वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली झाकलेली. शिवाय बैलगाड्या, शिवाय अंगद, म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या छोट्या गाड्या. ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या जोरात की मागून हॉर्न मारला तरी पत्ता नाही. दिवसा हे बघायला लोकांना भारी वाटतं, रील बनवतात. रात्री धुक्यात याच्या मागं बाइकनं जाऊन बघा. दरवर्षी कारखाने, आरटीओ, पोलीस मिळून रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, फोटो येतात पेपरला, आणि मोहीम खरंच चांगली असते, पण ती गळीत सुरू होताना एकदा होते. पट्टी तीन आठवड्यात चिखलानं माखते. त्यानंतर रस्त्यावर उभं राहून कुणीतरी "पुस की रं ती" म्हणायला लागतं, आणि ते म्हणणारा माणूस मिळत नाही.

कॅमेरा लावा म्हणतात लोक. कॅमेऱ्याला आणि स्पीडगनला मी नावं ठेवत नाही. इंटरसेप्टर गाडी उभी असली की लोक खरंच हळू जातात, रत्नागिरी रोडला तर समोरचा अनोळखी माणूस डिपर मारून आपल्याला सावध करतो, पुढं उभे आहेत म्हणून, आणि आपल्याला तो देवमाणूस वाटतो. गंमत अशी की त्या डिपरनं पोलिसांचं काम पण होतंच, पाच किलोमीटर सगळे सरळ चालतात. पण ई-चलनाचा मेसेज घरी आल्यावर येतो. तोपर्यंत तुम्ही जसं जायचं तसं गेलेला असता. कॅमेरा कोन लावत नाही, बॅटरी हलवत नाही, ट्रॉलीचा फाळका पुसत नाही. आणि नंबरप्लेटवर शेण-माती थापलेल्या ट्रॉलीला तो काय चलन पाठवणार?

राँग साईडचं पण एक बोलून घेतो, कारण पोलीस आणि पब्लिक सगळ्यात जास्त भांडतात त्यावरून. कंपनी सुटल्यावर शेकडो बाइक उलट्या दिशेनं फाट्यापर्यंत येतात. गुन्हा आहे, मान्य, जीवघेणा आहे, तेही मान्य. पण हायवेखालून पलीकडं जायचा बोगदा लांबवर, सर्व्हिस रोड मधेच तुटलेला, आणि सरळ मार्गानं घरी जायचं तर चार-पाच किलोमीटरचा वळसा, पेट्रोल शंभराच्या वर. एक ट्रॅफिक मामा मला वैतागून म्हणालेले, "रस्ता काडणाऱ्यानं काडला, आन् शिव्या आमाला." माझं मत स्पष्ट आहे, जिथं रोज शंभर माणसं एकच नियम मोडतात तिथं पोलीस कमी नाहीत, बोगदा कमी आहे.

पोलीस खऱ्या अर्थानं कमी पडले, आणि तरी कमी दिसले नाहीत, असा एक काळ मी बघितलाय तो म्हणजे २०१९ चा महापूर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि जवळपास आठवडाभर पुणे-बेंगलोर रस्ता बंद. किणीच्या बाजूला ट्रकांची रांग, तिकडं कागल-निपाणीच्या बाजूला रांग, हजारो गाड्या. कोल्हापूर शहर मधे बेट झालेलं, पेट्रोल नाही, दूध नाही. तेव्हा पेट्रोलिंग म्हणजे काय राहिलं? गाडी पुढं जाऊच शकत नव्हती. पोलीस रांगेच्या कडेनं पायी फिरत होते. तमिळनाडूचे, राजस्थानचे ड्रायव्हर, त्यांना सांगायचं कसं की पुढं रस्ता नाहीये, पाणी आहे, तुम्ही हट्ट करू नका. वाठार, घुणकी, किणी सगळ्या गावांतनं भाकरी-पिठलं, भात-आमटी गोळा होऊन रांगेला जायची, आणि कुठल्या ट्रकवाल्याला काय औषध लागतं, कुणाच्या गाडीत कोंबड्या मरायला लागल्यात, कुणाचा टोमॅटो नासलाय, हे हवालदार वहीत लिहून घेत होते. पाणी उतरल्यावर आधी गॅस आणि इंधनाचे टँकर सोडले, मग बाकीचे. २०२१ च्या जुलैत परत तेच, त्या वेळी दिवस कमी. दोन्ही वेळेला मला दिसलं ते हे की बंद रस्त्यावर पोलीस जास्त उपयोगी पडले, कारण ते एका जागी माणसांत होते, आणि गावं पण रस्त्यावर उतरलेली. एरवी ती गाडी आपल्या समोरून ऐंशीच्या स्पीडनं जाते आणि आपण काच खाली करून पण बोलत नाही.

गावं आणि गाडी यांना जोडायचा एक प्रयत्न सरकारी पातळीवर झालाय, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. १ मार्च २०२१ पासून महामार्ग पोलिसांनी 'मृत्युंजय दूत' म्हणून योजना सुरू केली. हायवेच्या कडेच्या गावातली पोरं, ढाबेवाले, पेट्रोल पंपावरचे कामगार, यांना निवडायचं, जखमीला उचलायचं कसं, मान कशी धरायची, रक्त कसं थांबवायचं हे शिकवायचं, स्ट्रेचर द्यायचं, जवळच्या दवाखान्यांचे नंबर द्यायचे. म्हणजे जे लोक नाहीतरी पहिल्यांदा पोचतातच त्यांना नीट पोचायला शिकवायचं. आधी लोक घाबरायचे, उचललं तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील म्हणून. आता मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची पण सक्ती नाही. तरी आमच्याकडं अजून निम्म्या लोकांना हे माहीत नाही, बाकीच्या निम्म्यांचा विश्वास नाही.

त्या योजनेचं एकच दुखणं, परत तेच. ती महामार्गाची आहे. ढाबा हायवेला असतो, पंप हायवेला असतो. पारगावच्या वळणावर ढाबा नाही, तिथं म्हशीचा गोठा आहे, आणि गोठ्यातल्या मावशी रात्री दीडला आवाज ऐकून कंदिलासारखी चार्जिंगची बॅटरी घेऊन बाहेर येतात. मी स्वतः बघितलंय, मावशींनी एका पोराच्या डोक्याला गोणपाटाच्या खालचा स्वच्छ पंचा काढून दाबून धरलेला, आणि ओरडून म्हणत होत्या, "हलवू नका रं त्याला, हलवू नका, मान बगा आदी." कुठं शिकल्या विचारलं तर म्हणाल्या, टीव्हीवर. त्यांना कुणी दूत म्हणून कार्ड दिलेलं नाही.

मला पोलिसांकडून फार काही नको. उजळाईवाडीच्या गाडीनं कोडोलीपर्यंत यावं असं म्हणणं बरोबर नाही, ती आली तर तिकडं कंटेनरला कोण जाणार. हंगामाच्या चार महिन्यांत, रात्री दहा ते पहाटे चार, फाट्याच्या रस्त्यावर एक गाडी. उभी नको, फिरती. लाल-निळा दिवा लावून नुसती इकडून तिकडं गेली तरी ट्रॉलीवाला गाणी कमी करतो आणि पट्टी पुसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि गाडीत रिफ्लेक्टरचा रोल, जमलं तर कात्री.

गेल्या महिन्यात गावात बैठक झाली याच विषयावर, तालमीत. पंचवीस-तीस जण. एक आजोबा म्हणाले अर्ज पोलिसात द्या, सरपंच म्हणाल्या रस्ता बांधकाम खात्याचा आहे म्हणजे अर्ज तिकडं, कारखान्यात असणारा एकजण म्हणाला ट्रॉल्या कारखान्याला येतात तर रिफ्लेक्टरचा अर्ज कारखान्याला, आणि कुणीतरी मागनं ओरडलं की हायवेवाल्यांना पण एक कॉपी टाका, गेली तर गेली. तासभर वाद घालून ठरलं की चारीकडं द्यायचा. मग प्रश्न आला की अर्जात रस्त्याचं नाव काय लिहायचं, वाठार-बोरपाडळे लिहायचं की वाठार-वारणानगर, तर त्यावर अजून अर्धा तास. टायपिंग माझ्याकडं आलंय. सह्या गोळा करायच्या आहेत, मावशींनी सगळ्यात आधी अंगठा देऊ केलाय, मी म्हटलं तुम्हाला सही येते की, तर म्हणाल्या येते, पण हातात शेण हाय, उद्या ये.